कापसाचा गजरा

"तीन नंबरला परत धागा बांधलाय बघ कोणीतरी. या लोकांना किती वेळा सांगायचं?"

आयसीयूचं दार अर्धवट उघडं होतं, आतून सिस्टरचा आवाज आला. मी बाहेर चपलांच्या रॅकशेजारी बाकावर बसले होते. मग मावशी, म्हणजे तिथल्या आयाबाई, काहीतरी पुटपुटल्या आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं.

तीन नंबर म्हणजे माझी आई.

मी हळूच शेजारी पाहिलं. बाकावर आमची तीनच माणसं होती. माझे वडील, त्यांना मी आण्णा म्हणते. त्यांचे थोरले भाऊ नाना. आणि आईचा धाकटा भाऊ, संपतमामा. सिस्टरचं बोलणं तिघांनीही ऐकलं होतं. नानांनी मामाकडे पाहिलं, मामाने नानांकडे.

"तुझं काम का रे ते, संपत?" नाना म्हणाले. "कुन्या बाबाचा दोरा आनला?"

"मी कशाला आनू? तुमच्याकडंच बारा देवांचे बारा दोरे असत्यात."

 आण्णा नऊ दिवसांत कोणाशीच धड बोलले नव्हते.

सुरुवातीलाच सांगून टाकते — असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, नंतर सायन्स. घरात कोणी मीठ-मोहऱ्या घेऊन नजर काढायला लागलं की मी पुस्तक उचलून गच्चीवर जायचे. या सदरात येणारे अनुभवसुद्धा मी 'हॅ, असं कसं होईल' म्हणतच वाचते. तुम्हीही माझं हे वाचून तेच म्हणालात तर मला राग येणार नाही. मी जे पाहिलं ते, जसं पाहिलं तसं लिहिते आहे. पदरचं काही घालत नाही.

१९९८ सालची गोष्ट. मी बारावीला होते. आमची शेती मखमलाबादच्या बाजूला — झेंडू, शेवंती, थोडा मोगरा. आई-आण्णा रोज सकाळी मोपेडवर करंड्या लावून सराफ बाजारातल्या फुलबाजारात जायचे. त्या दिवशी मागच्या करंडीचा दोर सुटला, तो धरायला आई वळली आणि चालत्या गाडीवरून पाठीमागे डोक्यावर पडली. आण्णांच्या लक्षात आलं ते थोडं पुढे गेल्यावर. बाहेरून जखम अशी दिसतच नव्हती. फक्त कानातून रक्त.

शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात त्याच दिवशी तिच्या मेंदूचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी आमच्यासाठी खूप केलं. पण आई शुद्धीवर आली नाही. श्वास व्हेंटिलेटरवर. डावी बाजू पूर्ण लुळी. उजव्या हाताला सलाईन — तो हात लाकडी पट्टीवर ठेवून बोटांच्या पेरांपर्यंत बँडेजने गुंडाळलेला, फक्त नखं दिसायची. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नवव्या दिवशी, रविवारी, डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. माणूस भला होता, डोळे झोपेविना लाल झालेले.

"मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही," ते म्हणाले. "सूज उतरत नाही. चिमटा काढला, टॉर्च मारला, काहीच रिस्पॉन्स नाही. मशीन बंद करा असं मी म्हणणार नाही. पण हे किती दिवस चालू ठेवायचं, ते तुम्ही घरच्यांनी बसून ठरवा."

"समजा घरी नेलं तर?" नानांनी विचारलं.

"रस्त्यात हाताने पंप करत नेता येईल. घरी पोचल्यावर तो काढला की..." डॉक्टरांनी वाक्य तिथेच सोडलं.

आमच्याकडे 'घरी न्यायचं' म्हणजे काय ते लहान मुलालाही कळतं. ओटीवर जागा सारवायची, माणसाला जमिनीवर घ्यायचं, तोंडात तुळशीचं पान आणि पाणी. माणसाने नळ्यांमध्ये, परक्या छताखाली जाऊ नये, आपल्या उंबऱ्याच्या आत जावं. नाना वाईट नव्हते हो. आई लग्न होऊन आली तेव्हापासून तिला मुलीसारखं वागवलं त्यांनी. बाहेर बाकावर ते आण्णांचा हात धरून म्हणाले, "दादू, श्वास मशीन घेतंय, मंदा नाय. किती रोज छळायचं तिला? गुरुवारी नेऊ. आपल्या अंगणात जाऊ दे."

"आन् अंगणात नेल्यावर काय व्हईल, ठावं हाय ना?" मामाचा आवाज फाटला.

"ठावं हाय म्हनून तर म्हनतो, संपत."

आण्णांनी होकाराची मान हलवली. गाडी तेच चालवत होते ना... 'नको' म्हणायचा हक्कच आपल्याला राहिला नाही, असं त्यांना वाटत असावं. मामा म्हणाला, "वैशूला तरी विचारा. पोरगी हाय तिची."

"ती काय बोलनार?" नाना म्हणाले. "ती बोलती कुठं."

खरं होतं ते. मी बोलत नसे. शाळेत मराठी बोललं की हसायचे, घरी इंग्लिश शब्द आला की हसायचे — त्यापेक्षा गप्प बसणं बरं, हे मी फार लवकर शिकले होते. मी नुसती बघत असे.

तर सोमवारी सिस्टरचं ते धाग्याचं बोलणं कानावर आलं. मंगळवारी अकराच्या भेटीला मला आत सोडलं. एका वेळी एक माणूस, दहा मिनिटं. मी आईचं कपाळ पुसलं, पायाला हात लावला. पाय थंडगार. मग चादर सारखी करताना उजव्या हाताच्या पट्टीखाली काहीतरी पांढरं दिसलं. मी ते बाहेर ओढलं.

बोटभर लांबीचा गजरा होता. कापसाचा.

बँडेजच्या कडेचा सुटा दोरा आणि त्यावर कापसाचे वाटाण्याएवढे पाच पुंजके, प्रत्येक नीट पिळून देठ केलेला, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. आणि गाठी... गाठी आईच्या होत्या.

थोडं गाठींविषयी सांगायला हवं. आमच्याकडच्या सगळ्या बायका गजरा करताना दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवतात, देठ ठेवतात आणि एक फास टाकून ओढतात. झरझर काम होतं. आई निफाडकडची. ती माहेरची गाठ मारायची — फास दोनदा फिरवून, दुसरा आतल्या अंगाने काढून. वेळ जास्त लागायचा. काकू चिडवायच्या, "मंदाचा गजरा व्हईस्तवर नवरीला पोर व्हईल." पण आईच्या गजऱ्यातलं फूल संध्याकाळपर्यंत गळत नसे. आमच्या घरात, वस्तीवर, ती गाठ दुसऱ्या कोणालाच येत नव्हती.

मलाही नाही. ती मला बोलवायची, "ये, बस, दोन गाठी मार." मी म्हणायचे, होमवर्क आहे. शाळेत मुलींनी माझी झेंडूने पिवळी पडलेली नखं पाहून नाक मुरडलं होतं, तेव्हापासून मी फुलांना हात लावणं सोडलं होतं. मैत्रिणींना घरी कधी आणलं नाही. वडील काय करतात विचारलं की 'बिझनेस' सांगायचे. आईला हे सगळं कळत असणार. ती फक्त हसून म्हणायची, "बरं बाई. इंग्लिशमधी गाठ कशी मारत्यात ते तरी सांग."

"हे तुम्ही लोक बंद करा," सिस्टर मागे येऊन उभ्या होत्या. "दोनदा काढून टाकलाय मी, हा तिसरा. इन्फेक्शन होईल पेशंटला."

"आम्ही नाही बांधलं," मी म्हणाले. इतक्या हळू की त्यांना ऐकूच गेलं नाही.

गजरा मुठीत घेऊन मी बाहेर आले. आणि तुम्हाला खरं सांगते — मी कोणालाही दाखवला नाही. काय सांगणार होते? कोमातल्या बाईने कापसाचा गजरा केला? मी, सायन्सची मुलगी? गाठ बघण्यात आपलीच चूक झाली असेल, असं मीच मला समजावलं. आत कोण कोण जातं त्याचा हिशेब लावला. सोमवारपासून फक्त आण्णा, मामा आणि मी. आण्णांचे हात तेव्हा इतके थरथरत होते की चहाचा कप धरवत नव्हता. मामाला फुलांच्या कामातलं काही येत नव्हतं, तो अंबडला कंपनीत लेथ मशीनवर होता. मग मी मावशींना गाठलं. त्या पेठकडच्या, हसतमुख बाई. त्या म्हणाल्या, "मला गजरा माळता येतो पोरी, करता नाय येत. आमच्या डोंगरात कोन करतंय गजरे?"

बुधवारी मी ठरवून बघितलं. अकराच्या भेटीत आधी आईच्या दोन्ही हातांखाली, उशीखाली, चादरीच्या घड्यांत, सगळीकडे पाहिलं. काही नव्हतं. डावा हात उचलून पाहिला. सोडला की दगडासारखा खाली. उजवा पट्टीला बांधलेला. मग मी बाहेर येऊन बाकावर न बसता दाराच्या काचेला नाक लावून उभी राहिले, ती थेट पाचपर्यंत. नाना म्हणाले, "वैशे, जेवून तरी ये." मी हलले नाही. आईचा पलंग काचेसमोरच होता. सिस्टर सलाईन बदलायला आल्या, मावशींनी फरशी पुसली. बाकी कोणी पलंगाजवळ गेलं नाही. आईची तसूभरही हालचाल झाली नाही. छाती मशीनच्या तालावर वर-खाली, वर-खाली... बस.

पाच वाजता मी आत गेले. पट्टीखाली गजरा होता. नऊ पुंजके. गाठी त्याच.

आता मला सांगा, त्या गाठीला दोन हात लागतात, शिवाय दोरा ताणून धरायला पायाचा अंगठा. कापूस कुठून आला तेवढं मात्र सापडलं — पट्टीवर हाताखाली जी कापसाची गादी होती, तिचा एक कोपरा नीट खुडलेला होता. फुलं खुडतात तसा, कडेकडेने.

त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी, गुरुवारी, अकरा वाजता आमच्या जबाबदारीवर पेशंट नेत असल्याचा फॉर्म आला. खाली गेटपाशी ॲम्ब्युलन्स लागली होती. घरी काकूंनी ओटी सारवून ठेवल्याचा निरोप आला होता. आण्णांच्या हातात पेन होतं. आणि तेव्हा मी तोंड उघडलं.

काय बोलले ते शेवटी लिहिते. आधी पुढचं सांगते, कारण माणसांना तेच हवं असतं.

दोन्ही गजरे मी फॉर्मवर ठेवले.  मंगळवारपासूनचं सगळं सांगितलं, एका दमात. नानांनी गजरा उचलून पाहिला आणि हळुवार, अगदी प्रेमाने म्हणाले, "पोरी, तूच केलं असशील गं. आईपायी करतं मानूस. त्यात काय वाईट नाय."

"मला येत नाही नाना. मी कधी शिकलेच नाही."

नानांनी गजरा परत फॉर्मवर ठेवला. मला येत नाही हे आख्ख्या घराला माहीत होतं. त्यावरून मला किती टोमणे मिळाले होते!

मग मामाने तो हातात घेतला. लेथवर काम करणारा माणूस, सूत-दोन सुताचा फरक डोळ्याने ओळखणारा. त्याने नखाने एक गाठ उचकून पाहिली, परत बसवली.  "ही आमच्या मायची गाठ हाय," तो म्हणाला. "मायनं फक्त आक्काला शिकवली व्हती. दाजी, सही नका करू."

डॉक्टर आले. त्यांनी आईची नखं पेनाने दाबली, छातीवर मूठ घासली, टॉर्च मारला.  काही नाही. मला वाटलं, आता ते हसतील. ते हसले नाहीत. गजरा बराच वेळ तळहातावर घेऊन पाहत राहिले. "याला मी मेडिकली काही म्हणू शकत नाही," ते म्हणाले. मग सिस्टरकडे वळून, "फॉर्म बाजूला ठेवा. घाई नाही." नानांनी स्वतः खाली जाऊन ॲम्ब्युलन्सवाल्याला परत पाठवलं. वर आले तेव्हा डोळे पुसत होते आणि मामाला म्हणत होते, "तुझी बहीन लय हट्टी हाय रे. पहिल्यापासून."

शनिवारी दुपारी मशीनचा अलार्म वाजला. सगळे धावले. सिस्टर बाहेर आल्या त्या हसतच — आईने मशीनच्या तालाआधी स्वतःचा एक श्वास घेतला होता. मग दुसरा. पुढच्या आठवड्यात तोंडातली नळी काढून गळ्यातून घातली, मशीन दिवसातून दोन तास बंद, मग चार. तेविसाव्या दिवशी तिने डोळे उघडले आणि आण्णांकडे पाहिलं. आण्णा आयसीयूच्या मधोमध खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मावशींनी त्यांना पाणी दिलं आणि वॉर्डभर सांगत सुटल्या — तीन नंबर उठली, तीन नंबर उठली! दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक आम्हाला पेढे मागायला लागले. दिवाळीत आई घरी आली, खुर्चीत बसून. काकूंनी दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्या दिवशी मी गच्चीवर गेले नाही.

त्यालाही आता नऊ वर्षं होतील. आई काठी घेऊन चालते, थोडं अडखळत बोलते, पण फुलबाजारात बसते आणि दोन बायकांकडून गजरे करून घेते. त्यांना इतकं बोलते की त्या मला म्हणतात, "ताई, तुमची आई कोमातून उठली का कोर्टातून?" तिचा डावा हात मात्र गेला तो गेलाच. पिशवी अडकवण्यापुरता आहे. गजरा तिला परत कधीच करता आला नाही.

बरी झाल्यावर वर्षभराने मी तिला ते दोन कापसाचे गजरे दाखवले, काही न सांगता. हॉस्पिटलातलं तिला काही म्हणजे काही आठवत नाही. तिने ते डोळ्यांजवळ नेले.

"कोनी केले? गाठी बऱ्या हाईत." मग नाक मुरडून, "कापूस कशाला वाया घालवला?"

"तुझ्यासारखीच गाठ आहे ना?"

"हाय ना. आन् शेवटचा पीळ डाव्या हातानं वढलेला हाय. बघ, कसा तिकडं वळलाय. आमची गाठ तशीच बसवावी लागती, उजव्यानं नाय जमत."

डाव्या हाताने. मी तिच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

मी हे अनेकांना विचारलंय. एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितलं, कोमात कधी कधी सवयीच्या हालचाली होतात. होत असतील. पण लुळ्या हाताने? बांधलेल्या हाताने? माझ्या डोळ्यांदेखत, एक बोटही न हलता? कोणी म्हणालं, स्टाफपैकी कोणीतरी वेळ घालवायला केलं असेल. मग ती गाठ त्यांना कुठून आली? बुधवारनंतर तसा गजरा परत एकदाही सापडला नाही. मी रोज पाहत होते. खरं सांगायचं तर मी आता उत्तर शोधतही नाही.

लोकांना ही गोष्ट सांगितली की सगळे त्या गजऱ्याबद्दल विचारतात. मला मात्र त्याहून नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. शाळेत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही माझा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नसे. त्या गुरुवारी त्या कॉरिडॉरमध्ये दहा-बारा अनोळखी माणसं होती. थोरले काका समोर उभे होते, वडिलांनी पेनाचं टोपण काढलं होतं. आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की जिन्यावरची माणसं थांबून वर बघायला लागली —

"आण्णा, सही करू नका! नाना, गाडी परत पाठवा. आई आज कुठेही येणार नाही. ती कामात आहे."